बाजूचा चेहरा

“समोरून बाई पूर्ण आहेत,” वीरब्रह्मम म्हणाले, “पण बाजूनं काहीच नाही. माझा हात इथेच अडलाय.”

ओल्या मातीचं डोकं त्यांनी फिरत्या पाटावर अर्धं वळवलं. समोर राज्यलक्ष्मम्मा होत्या: रुंद कपाळ, दोन्ही नाकपुड्यांवर चमक्या, मिटलेले ओठ. बाजूला नुसता गोळा. तेनालीतल्या या शेडमध्ये चाळीस वर्षांत शेकडो डोकी घडली होती, त्यातली निम्मी पुढाऱ्यांची, आणि दर वेळी हेच रडगाणं. माणसं जन्मभर समोर बघून फोटो काढतात. कानाचा फोटो कोण काढतं?

नागभूषणम आपल्या बायकोच्या डोक्यासमोर उभे होते. वर्षश्राद्ध दीड महिन्यावर आलं होतं. मळ्याच्या तोंडाशी कट्टा बांधून तयार होता, त्यावर तिचा ब्राँझचा अर्धपुतळा बसायचा होता. साचा आणि ओतकामालाच महिना जाणार होता.

“बाजूनं काढलेला एखादा तरी फोटो असेल?”

“नाही,” नागभूषणम म्हणाले. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. छातीच्या गोळ्या असाव्यात, असं ब्रह्ममना वाटलं.

“मग घरात त्यांच्यासारखं दिसणारं कोणी? दोन-तीन दिवस येऊन बसलं तरी पुरे.”

मुलगा शेषगिरी मान खाली घालून चपलेनं मातीचं ढेकूळ ढकलत राहिला. तो बापावर गेला होता, त्याचा उपयोग नव्हता. आईवर गेली होती ती हैमवती, आणि तिचं नाव त्या घरात नऊ वर्षांत कोणी काढलं नव्हतं. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, चर्चच्या शाळेतल्या एका मास्तराशी. त्या दिवशी नागभूषणमनी भरलेलं ताट सारून सांगितलं होतं, मला मुलगी नाही. आईच्या अंत्यविधीला ती आली, मागे बायकांत उभी राहिली आणि आली तशी परत गेली. बापानं मान वर केली नाही.

“दुसरा काही उपाय?” नागभूषणमनी विचारलं.

“नाही.”

“नक्की ना?”

“अहो, मी काय हौसेनं सांगतोय? भलताच कान लावला तर तुमच्या मळ्यात शेजारीण बसेल!”

नागभूषणमनी मोठा उसासा टाकला. “ऐकलंस ना, शेषगिरी? ब्रह्ममगारू म्हणतात, उपाय नाही. बोलव तिला. कामापुरती.”

हैमवती विजयवाड्याहून सकाळच्या बसनं आली आणि मुकाट्यानं स्टुलावर बसली. नागभूषणमनी खुर्ची दाराबाहेर टाकली होती, पाठ आत करून. ब्रह्मम कंपासानं तिच्या कानापासून हनुवटीपर्यंतचं अंतर घेत, ते मातीवर उतरवत.

“तिला सांगा, मान ताठ ठेव म्हणावं,” बाहेरून आवाज आला. “तिची आई पोक काढून बसत नसे.”

“त्यांना विचारा,” हैमवती म्हणाली, “पाठ करून बसलेल्या माणसाला माझी मान दिसते कशी?”

ब्रह्ममनी कोणाचा निरोप कोणाला दिला नाही. मातीच्या कामात हे बसत नव्हतं. पण त्यांना हसू मात्र आलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची उंबऱ्यापाशी आली, तोंड आत करून. तिसऱ्या दिवशी खुर्ची आत होती, आणि कोणी त्याचा विषय काढला नाही.

“अम्माच्या कानाची पाळी अशी नव्हती,” हैमवती मातीकडे बघत म्हणाली. “ओघळलेली होती. तेवढी माझी बघून करू नका.”

“माझ्यामुळे ओघळली,” नागभूषणम म्हणाले. “मिरचीला भाव आला की मी आणखी जड कानातली आणायचो. नको असं ती कधी म्हणाली नाही.” मग मातीच्या कानाकडे बघत, “फार दुखायचे का गं तिचे कान?”

हैमवतीनं ठरलेली बैठक मोडून त्यांच्याकडे वळून पाहिलं. नऊ वर्षांत त्यांनी तिला विचारलेली ही पहिली गोष्ट होती.

“रोज रात्री काढून उशीखाली ठेवायची, नान्ना,” ती म्हणाली. “सकाळी तुम्ही उठायच्या आत परत घालायची.”

नागभूषणम हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. हैमवती उठून त्यांच्याजवळ गेली. ब्रह्ममनी तिकडे पाहिलं नाही. अंगठ्यानं मातीची पाळी त्यांनी जराशी खाली ओढली, आणि राज्यलक्ष्मम्मा बाजूनंही पूर्ण झाल्या.

बहीणभाऊ कॉफी आणायला बाहेर पडले. नान्नांची बिनसाखरेची, हे हैमवतीनंच भावाला बजावलं. दोघं रस्त्याच्या पलीकडे पोचल्यावर नागभूषणम मातीजवळ आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. गोळ्या निघाल्या नाहीत, एक फोटो निघाला.

“एकदा ताडून बघता?” ते म्हणाले.

बोटं लागून लागून फोटोच्या कडा मऊ पडल्या होत्या. अंगणात राज्यलक्ष्मम्मा पाटावर बसल्या होत्या, अगदी बाजूनं. कान, ओघळलेली पाळी, हनुवटी, सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढ्यात बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीची त्या वेणी घालत होत्या.

ब्रह्मम बघतच राहिले. मग ते चिडलेच. “हा तुमच्या खिशात होता? अहो, पहिल्याच दिवशी दिला असता तर तीन दिवसांचं काम एका दुपारी झालं असतं!”

नागभूषणमनी फोटो जपून परत घेतला.

“झालं असतं,” ते म्हणाले. “पण मग तिला मी कुठल्या तोंडानं बोलावलं असतं?”