कोंबड्यांचं निमित्त

सकाळपासून दत्तोपंत कितीदा तरी फाटकापर्यंत जाऊन आले होते. विश्वजितची गाडी अजून दिसत नव्हती. या खेपेला मुलगा त्यांना पुण्याला घेऊन जायलाच येणार होता.

दत्तोपंतांना जायचं नव्हतं. औरंगपुऱ्यातलं बिऱ्हाड मोडून छावणीपलीकडं हे घर आणि जराशी जमीन त्यांनी यमुनाबाईंच्या हौसेखातर घेतली होती. यमुनाबाई गेल्या, तरी त्यांनी लावलेल्या लिंबाला पाणी घालताना त्या जवळपास आहेत असं वाटायचं. पुण्यातल्या उंच इमारतीत ते काय करणार होते? पण तोंडावर नाही म्हणायची हिंमत होईना. एकुलता एक मुलगा, त्याला वाईट वाटलं असतं.

म्हणून कोंबड्या. शेजारचा तौफिक कधीपासून पाळा म्हणून मागे लागला होता. आधी दत्तोपंतांनी कानांवर हात ठेवले. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी होकार दिला. काल संध्याकाळी गावरान कोंबड्या खुराड्यात दाखल झाल्या. नव्या कोंबड्या आठवडाभर कोंडूनच ठेवायच्या, घर ओळखीचं होईतो त्यांच्यापासून हलायचं नाही, असं तौफिकनं बजावलं होतं. दत्तोपंतांना तेच हवं होतं.

गाडी आली. विश्वजितला पाणीसुद्धा न विचारता त्यांनी थेट खुराड्याकडं नेलं.

"आता यांना सोडून मी कसा येऊ रे?" खुराड्याकडं बोट दाखवत ते म्हणाले.

विश्वजित कोंबड्यांकडं बघत राहिला. आपल्या घरात हे काय, आई असती तर काय म्हणाली असती, असं काहीबाही बोलला. खोली तयार आहे, तुमची सून नीरजा वाट बघतेय, हेही सांगून झालं. दत्तोपंत मान खाली घालून दाणे टाकत राहिले.

"बरं अण्णा," तो शेवटी म्हणाला, "तुमचा जीव इथंच रमतोय, तर मी काय बोलणार?"

जेवून तो निघाला. नमस्काराला वाकला तेव्हा त्याचा चेहरा उतरल्यासारखा वाटला आणि पोराला फसवल्याची टोचणी दत्तोपंतांना लागली. गाडी वळेपर्यंत ते हात हलवत राहिले.

तौफिक कोंबड्यांसाठी कणी घेऊन आला, तेव्हा त्यांना राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. तुझ्यामुळं वाचलो, म्हणाले.

तौफिक खूश झाला. "माझं काय त्यात, काका? विश्वजितभाऊंचाच फोन आला व्हता महिन्याखाली. सांगू नको म्हणले व्हते, पण आता काम झालंच की. म्हणले, कायबी कर, अण्णांना कोंबड्या घ्यायला लाव. नायतर पुण्याला येतो म्हणतील."