पहिला अहवाल

परदेशी कंपन्यांचं काम मिळावं म्हणून चिंचवडची सीए अपेक्षा दोन वर्षं व्यापार करार आणि आयातीचे नियम शिकत होती. शेवटी चाकणच्या एका परदेशी कंपनीनं तिला काम दिलं. नव्या करारामुळे आयात शुल्क उतरलं होतं. आता कोणते सुटे भाग बाहेरून आणणं परवडेल, ते तिनं सांगायचं होतं. तिनं हिशेब तीनदा तपासला. तिन्ही वेळा, ज्यांच्याकडून माल घेणं बंद होईल त्यांच्या यादीत मारुतरावांच्या भोसरीतल्या वर्कशॉपचं नाव आलं. त्यांचा सगळा माल याच कंपनीला जायचा. आणि बाईमाणसाकडे कुणी हिशेबाच्या वह्या देत नव्हतं, तेव्हा तेच तिचे पहिले क्लायंट झाले होते.

सोमवारी तिनं अहवालावर सही केली. त्यातलं अक्षरही बाहेर बोलणार नाही, असं ती आधीच लिहून देऊन बसली होती.

बुधवारी मारुतराव पेढे घेऊन ऑफिसात आले.

"ताई, आमच्या सुजितनं हिंजवडीची नोकरी सोडली. आता वर्कशॉपच बघनार हाय."

"राजीनामा परत घेता येईल का, काका?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"आता कसला परत? का वं?"

"काही नाही, सहज विचारलं."

"मी बी त्याला म्हणत हुतो, सोडू नको. तर म्हणला, आपली अपेक्षाताई त्या कंपनीचं काम बघती, आता कसली भीती?"