काटा खाली आला

तिगाव मागे पडलं आणि इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या मीटरचा काटा खाली यायला लागला. विनायकचा जीव भांड्यात पडला.

"पाहिलं का? आता आली गाडी लायनीवर," स्टेअरिंगवर थाप मारत तो म्हणाला. "मी म्हणून नव्हतो राहिलो का, उतरते म्हणून?"

शेजारी बसलेली त्याची बायको छाया खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे पाहत होती.

गाडी वरून अँबॅसडर होती, पण बॉनेटखाली जपानी टर्बो इंजिन होतं. विनायकचं पांढुर्ण्यात मोटर पार्ट्सचं दुकान. नागपूरच्या कबाड्याकडून त्यानं ते डिझेल इंजिन उचललं आणि घरातल्या पुढच्या खोलीत ठेवून वर्षभर त्याची सेवा केली. एवढी सेवा आईबापाची केली असती तर गावानं नाव काढलं असतं! टर्बो लागल्यावर गाडी पळायला लागली खरी, पण तापायलाही लागली. इंजिन जोरदार, रेडिएटर मात्र जुनाच. पाण्याच्या वाटेत बसवलेला पितळी सेन्सर इंजिनाचा ताप सांगे, काटा तो दाखवी, आणि काटा सारखा लाल पट्टीवर. विनायकनं वायर बदलली, मीटर बदललं, शेवटी सेन्सरही बदलून पाहिला. रेडिएटर बदलायचं तेवढं राहून जात होतं.

ती पुढची खोली त्यानं छायाला शिलाईच्या क्लाससाठी कबूल केली होती. इंजिन गाडीत गेलं, पण खोली काही रिकामी झाली नाही. तिथं गिअरबॉक्स येऊन बसला. छाया चहा देताना विचारायची, ताट वाढताना विचारायची, दिवा मालवतानाही विचारायची. मग होळीच्या सुमारास एकाएकी थांबली. भांडण नाही, तोंड वाकडं नाही. "समजली बिचारी," असं विनायकनं दुकानात चार जणांना सांगूनही टाकलं. आज ती चार दिवसांसाठी सौंसरला माहेरी चालली होती आणि तो मोठ्या हौसेनं सोडायला निघाला होता.

पुढे चढ आला. त्यानं पाय दाबला. टर्बोची शिट्टी घुमली, गाडी सपाट्यानं वर चढली, आणि काटा पार तळाला गेला.

"वा रे पठ्ठे!"

"काही जळून राहिलं," छाया म्हणाली.

"वावरात धुऱ्यावरचं गवत पेटवून राहिले असतील कोणी."

एवढं बोलेस्तोवर इंजिन खडखडलं, एक आचका दिला आणि गाडी रस्त्याच्या कडेला येऊन गप्प झाली.

विनायकनं बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. रेडिएटरची रबरी नळी उभी फाटली होती. पाण्याचा एक थेंब शिल्लक नव्हता. सेन्सर सांगतो तो पाण्याचा ताप. पाणीच गेलं की तो कोरडा पडतो, काटा खाली येतो आणि आत लोखंड भाजत राहतं. दुकानात गिऱ्हाइकांना तो स्वतःच हे ओरडून सांगायचा. स्वतःच्या गाडीत मात्र त्याला काटा खाली आल्याचा आनंद झाला होता.

छाया उतरून जवळ आली. "काय झालं?"

"पाणी संपलं होतं वं. मले वाटलं, गाडी थंडी झाली."

"तुमाले तसंच वाटते," छाया म्हणाली.

तो पाण्याचा डबा घ्यायला मागे गेला आणि डिकी उघडून तसाच उभा राहिला. डबा नव्हता. सकाळी जागा करायला त्यानंच तो काढून ठेवला होता. डबा असायचा तिथं चादरीत बांधलेलं छायाचं शिलाई मशीन होतं. "हलकी आहे वं, मीच ठेवतो," म्हणत सकाळी त्यानंच ते उचललं होतं.

"छाया, चार दिवसांसाठी मशीन कायले घेतली?"

"सकाळी नाही विचारलं."

"आता विचारून राहिलो ना!"

"सौंसरच्या माह्या भावानं, मोरेश्वरदादानं, त्यायच्या घरची पुढची खोली खाली करून देली मले," ती शांतपणे म्हणाली. "सोमवारपासून पोरी येतील शिकाले."

विनायक मशीनपासून तिच्याकडे वळला. "अन् मले सांगतलं नाही?"

"होळीपासून चूप राहून सांगूनच नव्हती राहिली का मी?"

गाडीतली तिची पाण्याची बाटली घेऊन तो लगबगीनं बॉनेटकडे वळला. छायानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"नोका ओतू. तापल्या इंजिनात थंड पाणी टाकलं का हेड तडकते म्हणून तुमीच सांगता ना लोकाले?"

"मंग करू काय मी?" तो रडकुंडीला आला होता.

"आता काय सांगू?" ती म्हणाली.

पांढुर्ण्याकडून सौंसरची बस येताना दिसली. छायानं हात केला. बस थांबली. ती आपली पिशवी घेऊन चढली आणि पायरीवरून मागे वळली. विनायकनं चादरीचं गाठोडं उचलून आणलं होतं. कंडक्टरनं दारातून दोन्ही हात पुढे केले.

"द्या भाऊ, लवकर."

विनायक मशीन छातीशी धरून उभा होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"द्या ना!"

"थांबा जरा," विनायक म्हणाला. "लय जड आहे."