दगडाच्या आधी

डोळे मिटा, बाळांनो, आणि काळ्या दगडाचा एक उतार मनात आणा. फार वर्षांपूर्वी तिथे डोंगराच्या पोटातून उकळता रस बाहेर आला आणि थिजून दगड झाला. त्या दगडावर आधी दगडफूल आलं, मग शेवाळ, मग गवत, मग झुडपं. प्रत्येकानं पुढच्याला जागा करून दिली.

खारूची आई तिथली झाडं मोजायची. जमिनीवर लाकडी चौकट ठेवायची, आत काय उगवलंय ते मोजायची आणि खारू वहीत लिहायची.

त्या दुपारी खारूनं चौकट उचलली, तर आतली झुडपं नाहीशी झाली होती. नुसतं गवत होतं.

"डोळे गहाण ठेवलेस का गं? चुकीच्या जागी ठेवली असशील," आई म्हणाली.

खारूनं चौकट परत ठेवून उचलली. गवत जाऊन शेवाळ उरलं. पुढच्या खेपेला दगडफूल. त्याच्या पुढच्या खेपेला उघडाबोडका दगड. चौकटीबाहेरची झुडपं मात्र वाऱ्यावर डुलत होती.

आई हट्टाला पेटली. तिनं चौकट पुन्हा तिथेच ठेवली, स्वतः आत उभी राहिली आणि टाचेनं दगड ठोकून पाहिला.

"चांगला टणक आहे. उचल आता."

खारू वाकली. आतला दगड हाताला कोमट लागला.

"आई, तू आधी बाहेर ये!"

"येते गं. पण हा पाय का निघत नाहीये?"

तेवढ्यात चौकटीचा एक कोपरा आपोआप वर उचलला जाऊ लागला. खारूनं वही फेकली आणि अंगाचा सगळा भार त्या कोपऱ्यावर टाकला.