अर्धी साक्ष

"आज कुणाच्या ओठांवर देवाचं नाव दाटून आलंय?" पास्टर बास्कोम यांनी गातगातच विचारलं, आणि ऑर्गनवाल्यानं त्यांचा शेवटचा सूर अलगद झेलून धरला.

माउंट नेबो चर्चमध्ये साक्षीची वेळ झाली होती. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सर्वांदेखत सांगायचं.

ओडेसा प्रुइट उठली. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, पण आज कुरकुरले नाहीत. तिच्या शेजारी आठ वर्षांची जनाया बसली होती, नव्या पांढऱ्या मोज्यांतले पाय ऑर्गनच्या ठेक्यावर हलवत. बुधवारी चर्चच्या बालसेवा संस्थेची गाडी तिला ओडेसाच्या दारात सोडून गेली होती. आईकडे परत धाडण्याजोगं होईपर्यंत ती आता इथंच राहणार होती. मग ते महिने असोत की वर्षं.

"उठली बाई एकदाची," पलीकडून ऐंशीच्या व्हर्लीनआजी पुटपुटल्या. पोरीची हकिगत काढून घ्यायला त्या चार दिवसांत तीनदा येऊन गेल्या होत्या. एकदा तर लोण्याचा केक घेऊन.

"भावांनो, बहिणींनो," ओडेसा म्हणाली, "पोटी मूल नाही म्हणून तीस वर्षं मी ह्याच बाकावर रडले."

"सांग, ओडेसाताई, सांग!"

"परक्या मुलाला घरी सांभाळायचं तर शिकावं लागतं, म्हणून दहा आठवडे वर्गाला बसले. घराची तपासणी झाली. तपासणीच्या बाईंनी औषधांना कुलूप लावायला लावलं, आणि आमच्या लेम्युएलच्या शिकारीच्या बंदुकीला दोन. किल्ल्या माझ्याकडे!"

"बरं झालं!" कुणीतरी ओरडलं. चर्चभर हसू पसरलं. लोकांना जागा दाखवायला दाराशी उभा असलेला तिचा नवरा लेम्युएल आपल्या पांढऱ्या हातमोज्यांकडे बघत राहिला.

"आणि बुधवारी देवानं माझं दार ठोठावलं!"

"ठोठावलं!"

"रित्या हातानं नाही आला!"

"नाही, नाही!"

तिचा आवाज आपसूक सुरात चढू लागला. इथं साक्ष एकट्यानं कुणी देतच नाही. एक म्हणतो, शंभर उचलतात, आणि ऑर्गन मागून रेटत राहतो. ओडेसाला आता थांबणं ठाऊक नव्हतं.

"ह्या लेकराला किती अंधारातून काढलं त्यानं! हिच्या आईला..."

पांढऱ्या मोज्यांतले पाय हलायचे थांबले.

जनाया ओडेसाकडे बघत नव्हती. पुढच्या रांगेतल्या मोठ्या टोप्यांच्या बायका एकेक करून मागं वळल्या होत्या, आणि ती त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती.

ओडेसाला बालसेवा संस्थेनं सहीसाठी दिलेला तो कागद आठवला. मुलाची गोष्ट मुलाची. शेजाऱ्याला सांगायची नाही, नातलगाला नाही, पास्टरांनासुद्धा नाही. खाली सही तिचीच होती. चहाडखोरांसाठी असेल, असं म्हणून तिनं हसत केली होती. साक्ष म्हणजे देवाशी बोलणं. तेही 'सांगणं' होतं, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"हिच्या आईला काय, ताई? बोल!"

ऑर्गन आणखी एक पट्टी वर गेला.

"पुढची गोष्ट माझी नाही," ओडेसा म्हणाली. "माझ्या तोंडात ती चुकून आली. देवाची स्तुती असो." आणि ती खाली बसली.

माउंट नेबोत साक्ष अर्धी टाकून आजवर कुणी बसलं नव्हतं. कुणी आमेन म्हणेना. ऑर्गनवाल्याचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले.

"हे गं काय?" व्हर्लीनआजी फिसकारल्या. "वाढलेलं ताट ओढून नेलंस की!"

ओडेसानं मान खाली घातली. "चुकले मी, बाळा," ती फक्त पोरीला ऐकू जाईल इतकं म्हणाली. "आधी तुला विचारायला हवं होतं."

जनाया पुढच्या टोप्यांकडेच बघत राहिली. चार दिवसांत एकदाच, काल संध्याकाळी, तिनं आपल्या केसांना हात लावू दिला होता. ओडेसानं चार वेण्या घातल्या होत्या, श्वास रोखून. गेलं, ओडेसाला वाटलं. तेवढंही गेलं.

मग पास्टर बास्कोम न गाता, साध्या आवाजात म्हणाले, "प्रार्थना करू या. ज्याच्या मनात जे नाव असेल, ते देवापुढं ठेवा. नुसतं नाव."

माना खाली गेल्या. बाकांवरून एकेक नाव उठू लागलं.

"थॅडियस."

"हो, प्रभू," चर्च हळूच म्हणालं.

"माझी बहीण ऑरा."

"हो, प्रभू."

"चार्लीन."

आवाज बारीक होता, पण स्वच्छ. तो इथं आजवर कुणी ऐकला नव्हता. मागच्या बाकापर्यंत गेला.

"हो, प्रभू," चर्च म्हणालं, जसं थॅडियसला म्हणालं होतं तसंच.

जनाया बाकावर वीतभर सरकली आणि ओडेसाच्या दंडाला टेकली.

व्हर्लीनआजींनी एक डोळा उघडला. पोरीच्या डोक्यावरून वाकून त्यांनी विचारलं, "चार्लीन कोण गं? कुठली?"

"आजी," ओडेसा म्हणाली, "डोळे मिटा."