साभार परत

राज्याच्या कला न्यासाचं अनुदान धाकट्याला मिळालं. थोरल्याच्या लेखी तसं काही घडलंच नव्हतं. तो निवांत दगडी घोड्याचं शेपूट घासत होता, शेपूट संपलं तरी. दोघे भाऊ शिल्पकार. पण थोरल्याचे अकरा अर्ज न्यासाने ‘साभार परत’ केले होते. “दादा, तुझं अक्षर मोत्यासारखं, माझा फॉर्म तूच भर,” धाकटा म्हणाला होता, तेव्हा जळफळत थोरल्याने ‘कलाकृती’च्या रकान्यात लिहिलं होतं: ‘काही नाही’. समिती गहिवरली. महिन्याभरात कलादालनात धाकट्याचा रिकामा चौथरा मांडला गेला आणि तो बघायला रांग लागली. “दादा, हे सगळं तुझ्यामुळे!” धाकट्याने सर्वांसमोर मिठी मारली. “मी कुठे काय केलं,” थोरला पुटपुटला. घरी येताच त्याने बारावा अर्ज लिहिला: ‘सदर “काही नाही” मूळचे माझे असून ते मला साभार परत मिळावे, ही नम्र विनंती.’