ब्रेडच्या डब्यात चार डिस्क

जुन्या संगणकातला पॉवर सप्लाय: पिवळ्या वायरीत बारा व्होल्ट, लाल वायरीत पाच. हिरवी काळीला टेकवली की पंखा फिरतो.

ब्रेड ठेवायचा पत्र्याचा डबा. झाकण केव्हाच हरवलंय.

जुन्या रबरी स्लिपर. दोन्ही डाव्या पायाच्या.

"आलोच, दार उघडं ठेवा." फोनमधला आवाज. पुन्हा: "आलोच, दार उघडं ठेवा."

चपलांच्या मांडणीवर तीन छोटे संगणक, रात्रंदिवस चालू.

फोन सोडला तर हे सगळं धाकट्याच्या खोलीतलं. धाकटा कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा आणि सुट्टीच्या दिवशी या संगणकांची. फोन आईचा होता. त्यातला आवाज थोरल्याचा, जो उन्हाळ्यात गेला. आई त्याच्याच घरी राहायची, वहिनीसोबत, आणि तेवढा एक निरोप दिवसभर लावत बसायची.

बाकीचा थोरला एका हार्ड डिस्कमध्ये होता. सहली, वाढदिवस, स्वयंपाकघरातल्या गप्पा, सगळे व्हिडिओ. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आपलं आपल्या कपाटात बरं, असं म्हणायचा तो.

आईने फर्मावलं, "मोठ्या टीव्हीवर दिसलं पाहिजे. रोज. आणि बिघडता कामा नये."

म्हणून वहिनी डिस्क रुमालात गुंडाळून धाकट्याकडे घेऊन आली. धाकटा म्हणाला, चार डिस्क बसतील अशी पेटी करतो, एक गेली तरी दुसरीत राहील. दुकानातली पेटी परवडणारी नव्हती. त्याने ब्रेडचा डबा रिकामा केला.

त्याच संध्याकाळी त्याने चारही डिस्क टेबलावर मांडून जोडल्या, फिरतात का ते बघायला. फिरत होत्या. तीन त्याच्याच जुन्या होत्या, त्या पुसायच्या होत्या. त्याने नेहमीची आज्ञा दिली: जोडलेल्या सगळ्या पूर्ण कोऱ्या कर. त्याच्या खोलीत जोडलेलं सगळं नेहमी त्याचंच असायचं. मग तो जेवायला बसला.

सकाळी चारही डिस्क सारख्याच कोऱ्या होत्या. परत मिळवायचे जेवढे मार्ग ठाऊक होते तेवढे त्याने करून पाहिले. काही निघालं नाही. तो कामावर गेला. दोन यंत्रांना तेल दिलं. काही वाटलं नाही. कुणीतरी पाठीवर थाप मारली तेव्हा त्याला कळलं की आपण बराच वेळ भिंतीकडे बघत उभे आहोत.

रविवारी वहिनी आली. तो म्हणाला, "आधी पेटी होऊ दे."

"होऊ द्या की," ती म्हणाली, आणि स्क्रूंची वाटी मांडीवर घेऊन बसली.

मग ती दर रविवारी येऊ लागली. तो पत्रा कापायचा, ती डबा धरून ठेवायची.

"भावजी, आता ब्रेड कुठे ठेवणार?"

"पिशवीत. खाणारा मी एकटाच."

"लग्न केलं असतं तर डबा वाचला असता."

"डबा वाचवायला लग्न?"

"लोक याहून फालतू कारणांनी करतात."

तो हसला नाही, पण कातर थांबली. वहिनी निवडून निवडून एकसारखे स्क्रू त्याच्या हातात देत राहिली.

"तुमच्याकडे बरं वाटतं," ती एकदा म्हणाली. "शांत असतं."

"एवढी घरघर चालू असते की."

"घरघरच ना. कुणी बोलत तर नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई झोपतानाही फोन छातीवर ठेवतात. 'आलोच' ऐकलं की मी अजून दाराकडे बघते."

धाकट्याने स्लिपरचा तुकडा कापून डिस्कखाली सरकवला, हादरे बसू नयेत म्हणून. सांगायची हीच वेळ होती. त्याने दुसरा तुकडा कापला.

काम संपू नये यासाठी त्याला फारसं काही करावं लागलं नाही. एका रविवारी वहिनीलाच रबर पातळ वाटलं. पुढच्या रविवारी पंख्याचा आवाज खटकला. त्यानंतर तिने वायरी मोकळ्या लोंबतात म्हणून त्या बांधायला सुतळी आणली. "घाई कशाला," ती म्हणायची. "एकदाच काय ते नीट होऊ द्या." ती इतकं मन लावून बघते आहे हे पाहून तो बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधायचा.

शेवटी करण्यासारखं काही उरलं नाही. त्याने बटण दाबलं. चारही डिस्क एकामागून एक फिरू लागल्या. डबा हललाही नाही.

"छान झालंय," वहिनी म्हणाली.

"वहिनी, एक सांगायचंय."

"याला झाकण नाही."

"ते राहू दे. त्या डिस्कमध्ये..."

"धूळ बसेल, भावजी. झाकण हवं." तिने त्याच्याकडे न बघता डब्यावर तळहात ठेवला. "पुढच्या रविवारी मी पत्रा आणते. मग सांगा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता.

"नाही अजून," वहिनी फोनवर म्हणाली. "थोडं राहिलंय. हो, हो, विचारते त्यांना."

तिने काही विचारलं नाही. धाकट्याने फूटपट्टी काढली आणि झाकणाचं माप घ्यायला लागला.

थोरल्याची डिस्क रुमालात गुंडाळून आणायच्या आदल्या दिवशी वहिनी ती बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली होती. सगळं नक्की पुसायचं का, असं दुकानदाराने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा ती हो म्हणाली.